आईचा अंगठा मी सरळ केला

"अंगठा सरळ कर," सर म्हणाले. "मनगटात हिरव्या बांगड्या भर. आणि हात जरा उजळ घे."

पडद्यावर माझ्या आईचा हात होता. चिमटीत मिरचीचं देठ. माझ्या पाठीमागं मसाला कंपनीचे मालक चहा पीत उभे. मी केलं सगळं. पाच मिनिटं लागली. लोक विचारतात, तेव्हाच का नाही बोललीस? घाबरले होते. नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झाले होते.

कोल्हापुरात या सरांच्या डिझाइन स्टुडिओत मी काम करते. गारगोटीजवळच्या आमच्या वस्तीतून रोज एसटीनं येते. स्टुडिओत दर शनिवारी सराव असतो. बाजारातल्या कुठल्याही कंपनीचा लोगो घ्यायचा आणि आपल्या पद्धतीनं नवा करायचा. कंपनीला विचारायचं नाही, कुणी मागितलेलाही नसतो. कागदाखाली दोन ओळी लिहायच्या, कल्पना कुठून आली त्याच्या. मग तो भिंतीवर लावायचा.

मी आमच्याच भागातल्या मसाल्याचा लोगो घेतला. त्यावर नथ घातलेली गोरीपान बाई उखळात मिरची कुटते. अशी बाई त्या कंपनीत कुणी बघितलेली नाही. कुटायला मशीन आहे. देठं खुडायला आमच्या वस्तीतल्या बाया, बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये. माझी आई त्यातलीच, बावीस वर्षं. आत पाकिटं भरायला आमच्यातली एकही नाही. जात कुणी विचारत नाही. आडनाव विचारतात.

देठं खुडून खुडून आईचा अंगठा बाहेर वळलाय. नख काळं पडलंय. घरी आली की आग थांबावी म्हणून ती हात ताकात बुडवून बसते. तो हात मी काढला. खाली लिहिलं, 'हा माझ्या आईचा हात. ती याच कंपनीत देठं खुडते.'

त्याच कंपनीचे मालक कॅलेंडरच्या कामाला स्टुडिओत आले होते. भिंतीपाशी थांबले.

"झ्याक हाय की. कुणी काढलाय?"

मी पुढं झाले. खूश होते मी, खोटं कशाला बोलू. त्यांनी खालच्या ओळी वाचल्या.

"आडनाव काय म्हणायचं, पोरी?"

सांगितलं. ते एक पाऊल मागं सरकले. कागदापासून. मग माझ्याकडं न बघता सरांना म्हणाले, "हात घेतो आमी. पर कुणाचा हाय ते नगो. खायाची वस्तू हाय, सर."

सरांनी कात्रीनं त्या दोन ओळी कापल्या. मग मला तो अंगठा सरळ करायला बसवलं.

आता तो हात सगळीकडं आहे. दुकानात, टेंपोवर, स्टँडच्या भिंतीवर. एसटीत मान वळवली तर शेजारणीच्या पिशवीतून डोकावतो. डोळे मिटले की त्याचा अंगठा हळूहळू वाकायला लागतो आणि मी तो पुन्हा सरळ करते. समोर आई असते, ओरडत नाही. नुसती बघते.

दिवाळीला शेडमधल्या बायांना नव्या लोगोची मसाल्याची पाकिटं वाटली. आईनं पाकीट मांडीवर ठेवलं, शेजारी आपला हात ठेवला.

"ह्यो तू काढलाईस?"

"व्हय."

"चिमटी माझी हाय. अंगठा कुणाचा लावलास?"

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती भाकरी थापायला गेली.

मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. पहिलं चित्र नावासकट लोकांपुढं मांडू का, तेही विचारलं. तिचं काम जाईल, हेही सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"नाव नीट लिव," म्हणाली. "आडनावासकट."

शनिवारी मी तोच लोगो पुन्हा घेतला. वाकडा अंगठा, काळं नख. खाली आईचं पूर्ण नाव. सर म्हणाले, "हे भिंतीवर लागणार नाही."

"मग बाहेर लावते."

त्यांच्यासमोर ते इंटरनेटवर टाकलं. आईचा अंगठा मी सरळ केला होता, तेही लिहिलं. तासाभरात मालकांचा फोन. सरांनी तो माझ्या कानाला लावला.

"उतरव ते. तुझी आई आमच्याकडं कामाला हाय, ध्यानात हाय न्हवं?"

"हाय. न्हाय उतरवणार."

सोमवारी आईला शेडच्या दारातून परत पाठवलं. बावीस वर्षांनी. मला अजून नोकरीवरून काढलेलं नाही, पण काढतील. तो गोरा हात अजून दिसतो, डोळे मिटले तरी दिसतो. दिसू दे. माझ्या हातून झालंय ते. पण यापुढं माझ्या माणसाचं बोटसुद्धा बदलायला कुणी सांगितलं, तर मी खुर्चीवरून उठेन. सगळ्यांसमोर, कारण सांगून उठेन.