पाणी कमी पडलेल्या विटा

मलकपेठेतल्या घरावर आईसाठी एक खोली चढवत होतो, तेव्हा एका विटावाल्याशी ओळख झाली. वीजकेंद्रातली राख आणि भातगिरणीतली तुसाची राख सिमेंटमध्ये कालवून तो साच्यात विटा दाबायचा. भट्टी नाही, जाळ नाही. रोज पाणी मारून त्या कडक करायच्या. गृहस्थ एका जागी ठरायचा नाही. चहासुद्धा फेऱ्या मारत प्यायचा आणि बोलता बोलता दोन विटा एकमेकींवर आपटून आवाज ऐकायचा; खणखणीत वाजली तर पक्की, बद्द वाजली तर कच्ची.

एकदा तो न बोलावता आला. भिंत कमरेइतकी झाली होती. उरलेल्या ढिगातल्या दोन विटा त्याने आपटल्या, मग आणखी दोन, आणि त्याचा चेहरा उतरला.

"साब, ही भिंत पाडा. मी गावाला गेलतो, मागं पाणी बराबर मारलं नाही. माल कच्चा आहे."

मला काम उरकायची घाई होती. "प्लास्टर झाल्यावर काय कळतंय? राहू द्या."

"नक्को साब. इथं कोण राहणार?"

"आई."

गवंड्याची पहार उचलून तो स्वतःच भिंत पाडायला लागला. आठवड्याने नव्या विटा आणून, एकेक वाजवून त्याने गवंड्याच्या हातात दिली.

आता आई त्या खोलीत राहते आणि आल्यागेल्याला त्या माणसाचा किस्सा सांगते. भिंत राहू द्या असं कोण म्हणालं होतं, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.