सात जणींविरुद्ध सात

माझी बायको लॅक्रॉस खेळते, असं मी एकदा पुण्याला फोनवर सांगितलं. पलीकडच्यांनी ते नाव दोनदा म्हणून बघितलं. मग, "म्हणजे नक्की काय?" काठीच्या टोकाला जाळी असते, तिच्यात रबरी चेंडू झेलायचा, तो घेऊन पळायचं आणि समोरच्यांच्या गोलात मारायचा, असं मी समजावून सांगितलं. "बरं," असं म्हणून मंडळी हवापाण्याकडे वळली.

इथे जर्मनीत बॉनमध्येही परिस्थिती फार वेगळी नव्हती. रविवारी कुन्स्टरासेनवर, म्हणजे कृत्रिम हिरवळीच्या मैदानावर, बायकांच्या लीगचा सामना असायचा. प्रेक्षक म्हणजे आम्ही तीन-चार नवरे, कुणाची तरी आई आणि एक म्हातारा कुत्रा. शेजारी फुटबॉलवाल्या पोराटोरांचा सामना असला तरी कुंपणाला माणसं लटकलेली, आणि आम्ही मात्र घरून आणलेल्या खुर्च्यांवर सगळ्या मैदानाला दिसू असे एकेकटे बसलेलो. मी क्रिकेटवर वाढलेला माणूस. गर्दीशिवाय खेळ ही कल्पनाच मला सोसत नाही. मी कुरकुर केली की बायको म्हणायची, "अरे, अमेरिकेत याच्या प्रोफेशनल लीग आहेत, आणि त्यांनासुद्धा स्टेडियम भरायचं टेन्शन असतं. तू आमचं काय घेऊन बसलास?"

इथे कुणाला एक छदाम मिळत नव्हता. प्रवास पदरमोड करून. स्वतःचा सामना संपला की गळ्यात शिट्टी अडकवून दुसऱ्यांच्या सामन्यात पंच व्हायचं. केक घरी भाजायचे, तेही पाहुण्या संघाला पुरून उरतील इतके. हा सगळा गाडा ओढायची त्यांची कर्णधार. प्राथमिक शाळेत शिकवणारी, पन्नाशीला आलेली, संघाची गोलकीपर. एवढं करून जगावर उपकार केल्यासारखा चेहरा तिनं कधी केला नाही. मला ती बाई फार आवडायची, आणि थोडी भीतीही वाटायची.

बायको पुण्यातली चांगली नोकरी सोडून माझ्यामागे इथे आली होती. पहिला हिवाळा तिनं जर्मनच्या क्लासला जाण्यात आणि संध्याकाळी माझी वाट बघण्यात काढला. माझ्या ऑफिसातल्यांसाठी ती माझी बायको, मराठी मंडळात वहिनी. या मैदानावर मात्र ती कुणाचीच कोणी नव्हती. ती उजवीकडून जोरात पळणारी खेळाडू होती. म्हणून हंगामाच्या शेवटी हिशेब असा लागला की शेवटचा सामना हरला तर संघ खालच्या गटात जाणार, आणि तसं झालं तर चांगल्या खेळणाऱ्या मुली शेजारच्या क्योल्न शहरातल्या मोठ्या संघाकडे जाणार, तेव्हा ती त्या आठवड्यात धड जेवली नाही. राहिलेल्यांतून संघ उभा राहील की नाही, हे ती मोठ्यानं बोलत नव्हती. पण आमच्या घरात त्या दिवसांत दुसरं काहीच नव्हतं.

मग मी मनावर घेतलं. आपल्याला खेळता येत नाही, पण माणसं तर जमवता येतात. मंडळाच्या ग्रुपवर निमंत्रण टाकलं: सामना बघा, नंतर मिसळ. सामना अकराला होता, मी दहा लिहिलं, कारण मी आपल्या लोकांना ओळखतो. अकराच्या ठोक्याला तीसेक माणसं हजर झाली. मुलंबाळं, सतरंज्या, थर्मास, आणि मुलाकडे नाशिकहून आलेले एक काका. कुणीतरी गणपतीतला ढोलही आणला होता, पण रविवारची शांतता मोडली म्हणून शेजारचे तक्रार करतील या धास्तीनं तो गाडीतच ठेवला. त्या मैदानानं एवढे प्रेक्षक कधी पाहिले नसतील. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

तेवढ्यात निळ्या शर्टातला पाहुणा संघ आला. संघात दहा जणी लागतात, आल्या फक्त सात. बाकीच्या तापानं आडव्या पडल्या होत्या. पंचबाईनं आमच्या कर्णधाराला बाजूला घेऊन सांगितलं की समोरचा संघ अपुरा आहे, मागितलात तर सामना तुम्हाला बहाल होईल. हे ऐकून मी खुर्चीतून उठलोच. न खेळता संघ वाचला होता. बायकोचा चेहरा किती दिवसांनी सैल झालेला दिसला.

कर्णधार त्या सात जणींपाशी गेली, काहीतरी बोलली आणि परत आली. "आल्झो, तर मग," ती आपल्या संघाला म्हणाली, "सात विरुद्ध सात. त्यांच्याकडे बदलायला कोणी नाही, तर आपणही कुणाला बदलायचं नाही."

जादा ठरलेल्यांत माझी बायको होती. तिनं डोळ्यांवरचा संरक्षक चष्मा काढला, काठी गवतावर ठेवली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. माझं डोकं मात्र फिरलं होतं. कर्णधार पायाला पॅड बांधत होती, तिथे जाऊन मी म्हणालो, "सामना हातात होता तुमच्या."

"हो," तिनं वर न बघता कबूल केलं. "पण त्या चार तास गाडी चालवून आल्यात. तशाच परत पाठवल्या तर पुढच्या वर्षी संघ काढतील का? आणि त्यांनी नाही काढला, तर खेळायचं कुणाशी?"

मी इतके दिवस बघणारे कसे वाढतील याचा घोर लावून घेऊन बसलो होतो. खेळायला आधी समोर कोणीतरी लागतं, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तरी राग गेला नाही, हे कबूल करतो.

सुरुवातीला आमच्या लोकांनी ठरल्याप्रमाणे पांढऱ्या शर्टातल्या आमच्या संघासाठी टाळ्या वाजवल्या. खेळ कुणालाच नीट कळत नव्हता, पण उत्साह दांडगा होता. मध्यंतरानंतर निळ्या मुली धापा टाकायला लागल्या. चार तासांचा प्रवास अंगात होताच. त्यांच्या बाजूला ना माणूस, ना कुत्रं. नाशिकचे काका बराच वेळ अस्वस्थ होऊन बघत होते. खेळ जरा थांबल्यावर ते उठले, पाण्याच्या बाटल्या घेऊन सरळ त्यांच्याकडे गेले, एकेकीला पाणी पाजून आले आणि सतरंजीवर न बसता उभं राहूनच ओरडले, "चला पोरींनो, पळा!"

झालं. अख्खं मंडळ फिरलं. एरवी आईबापांना जर्मनमध्येच उत्तरं देणारी मुलं "ब्लाऊ! ब्लाऊ!" म्हणजे निळ्यांचा गजर करून नाचायला लागली. मी धावत काकांकडे गेलो. "अहो काका, आपला संघ पांढरा."

"माहीत आहे हो," काका म्हणाले. "पण त्यांच्या बाजूनं कोणीच नाहीये ना."

मी केलेल्या गर्दीनं, माझ्या मिसळीच्या जोरावर, माझ्याच बायकोच्या संघाला हरवायचं मनावर घेतलं होतं. बरोबरीत असलेला सामना निळ्यांनी शेवटी एका गोलानं जिंकला. त्या हिरवळीवर तोंड लपवायला जागा नव्हती.

कर्णधार घामानं निथळत आमच्याकडे आली. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. तिनं सतरंजीवरच्या प्रत्येकाशी हस्तांदोलन केलं, काकांशी जरा जास्तच वेळ. "इतकी वर्षं खेळतेय," ती मला म्हणाली, "गोलमध्ये उभं राहून आरडाओरडा पहिल्यांदाच ऐकला." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते हरल्याचं होतं की ऐकल्याचं, हे विचारायची हिंमत मला झाली नाही.

मिसळीला दोन्ही संघ आले. पाव नव्हते, बेकरीतल्या ब्रोट्शनवर भागवलं. निळ्या मुली नाक पुसत पुसत दुसऱ्यांदा वाढून घेत होत्या.

त्या गेल्यावर कर्णधारानं आपल्या संघाला गोलपाशी बोलावलं. मी जवळच पातेली आवरत होतो. तिनं आडवळणं घेतली नाहीत. खालच्या गटात कोण खेळणार, एवढंच विचारलं. क्योल्नला जाणाऱ्यांनी बुटांकडे पाहिलं. बाकीच्यांचे हात एकेक करून वर आले. आठ. पुन्हा मोजले तरी आठच, दहाला दोन कमी. आता हे संपलं असं मला स्वच्छ दिसलं. माझ्या बायकोकडे बघवेना.

आपलं जर्मन चुकेल म्हणून संघाच्या बैठकीत माझी बायको आजवर कधी तोंड उघडत नसे. तिचा हात अजून वरच होता.

"आत्ता आपल्याला सात जणींनी हरवलं," ती म्हणाली. "आपण आठ आहोत."

कर्णधारानं तिच्याकडे बघितलं, मग वर असलेल्या बाकीच्या हातांकडे. "गेनाऊ, अगदी बरोबर," ती म्हणाली, आणि मंगळवारचा सराव नेहमीच्याच वेळी असेल, असं सांगून टाकलं.