खिळा न ठोकता उभी केलेली बॅग

दादा, आम्ही निघालो तेव्हा टेम्पो अंगणात उभा होता आणि तू पडवीच्या वाशाला बांधलेला दोर विळ्याने कापत होतास. जुने कपडे आणि भाताचं तूस भरलेलं, ऋतुजाचं ठोसे मारायचं पोतं धप्पकन खाली आलं. तू म्हणालास, "हे पण ने. याच्या दणक्याने कौलं सरकतात." मी स्वतः वर चढून कौलं पाहिली होती. एकही सरकलेलं नव्हतं. निघताना भांडण नको म्हणून गप्प बसलो. त्याचा राग मला आजही आहे, आणि हे लिहितोय ते तो गिळण्यासाठी नाही. आपल्या गावातून उठून इकडे भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनीही हे वाचावं.

संगमेश्वर सोडलं ते लेकीसाठी, ऋतुजासाठी. जिल्ह्यापर्यंत ती बॉक्सिंग स्वतःच्या हिमतीवर खेळली. पुढे शिकवणारं तिकडे कुणी नव्हतं, कल्याणात होतं. मी नौपाड्यात एका ऑफिसात हिशेबाची नोकरी धरली आणि शहाडला दुसऱ्या मजल्यावर जागा घेतली. अख्खी बिल्डिंग एकाच मालकाची, तो तळमजल्यावर राहतो. कल्याणच्या क्लबमध्ये तिचा नंबर एक दिवसाआड. मधल्या दिवशी घरी सराव केला नाही तर राज्याच्या निवडीत ती टिकणार नाही, असं सरांनी तोंडावर सांगितलं होतं.

करारात पहिलीच अट होती, भिंतीला किंवा स्लॅबला भोक पाडायचं नाही. मला ती पटली. आपले वडील म्हणायचे, दुसऱ्याच्या घरात खिळा ठोकायचा नाही. म्हणून छताला टांगायची बॅग घेतलीच नाही. खाली गोल टाकी असलेली, जमिनीवर उभी राहणारी बॅग घेतली. टाकीत पाणी भरतात, पण गळलं तर खालच्यांच्या छताला ओल येणार. मी रेती भरली, तीही दुहेरी पिशव्यांत, म्हणजे लादीवर कण सांडायला नको. बॅग खोलीच्या मध्यावर न ठेवता खांबाजवळच्या कोपऱ्यात ठेवली. खाली जाड रबराच्या लाद्या, त्यावर तीन बाय तीनचं प्लायवूड, त्यावर पुन्हा रबर. भिंतीपासून दोन फूट अंतर, कारण जोराच्या ठोशाला बॅग दीड फूट झुकते. एकूण वजन एकशे दहा किलोच्या आत. बायकोचं लोखंडी कपाट साड्यांसकट याहून जड आहे, आणि त्याबद्दल आजवर कुणी विचारलेलं नाही.

दाराच्या चौकटीत अडकवायचा बार तिने मागितला होता. चौकटीचा रंग उडेल म्हणून नाही म्हटलं. दोरीच्या उड्या ती मैदानात मारते. आणि बॅग सुरू करण्याआधी मी खालच्या बिऱ्हाडात जाऊन बसलो, वर ऋतुजाला पूर्ण जोराने मारायला सांगितलं. खालच्या वहिनींनी चहा दिला आणि थोड्या वेळाने विचारलं, "सुरू कधी करणार ती?"

तरी तक्रार आलीच. एका रविवारी सकाळी मालक वर आला. मी त्याला सगळं दाखवलं, रबर उचलून लादी दाखवली, चारही भिंतींवरून हात फिरवायला लावला. ऋतुजा म्हणाली, "काका, एक मारून बघा ना, आवाज येतो का." त्याने बोटाने बॅग ढकलल्यासारखं केलं आणि हात मागे घेतला. मग त्याची नजर वडिलांच्या फोटोवर गेली. माझा चेहरा उतरला. राहायला आलो त्या दिवशी नारळ फोडून बायकोने तो फोटो लावून घेतला होता, भिंतीत खिळा ठोकून. एवढी मापं घेणाऱ्या मला तो खिळा कधी खिळा वाटलाच नव्हता.

मालकाने फोटोला हात जोडले. म्हणाला, "हा चालतो हो. वडील आहेत." मग बॅगेकडे मान वळवून, "हे चालणार नाही."

मी विचारलं, या बॅगेने काय बिघडलं?

"अहो सावंत, भोक पाडलं असतंत तर बुजवून घेतलं असतं मी. लोक विचारतात, वरची पोरगी कोणाला मारायला शिकते? मुलीची जात, उद्या नाक फुटलं तर लग्न कोण करणार? आमच्या बिल्डिंगला ही शोभा नको."

तो गेल्यावर ऋतुजा हाताच्या पट्ट्या सोडत म्हणाली, "बाबा, तुम्ही उगाच रबर मोजत बसलात. याला भिंतीचं काही नाही. आणि मोठ्या काकांना कौलांचं काही नव्हतं."

दादा, तेव्हा मला तुझा खरा राग आला. मालक परका, पण निदान चौथ्या वाक्यात खरं बोलला. तू दोन वर्षं कौलांच्या आड बसलास.

मालकाला मी खाली जाऊन सांगितलं, करार संपेपर्यंत बॅग इथेच राहील आणि ती रोज मारेल. भोक दिसलं तर काढा म्हणा. पुढचा करार तो करणार नाही. मी दुसरी जागा शोधतोय. पूर्वी पाणी किती वेळ येतं, मजला कितवा, असं विचारायचो. आता फोनवर पहिलं वाक्य सांगतो, मुलगी बॉक्सिंग करते, घरी सराव करेल. बरेच जण तिथेच फोन ठेवतात. मला ते बरं वाटतं, चपला झिजत नाहीत.

तू परवा फोनवर म्हणालास की हक्काचं घर असताना भाड्याने वणवण कशाला, परत ये, फक्त पोरीचं ते खूळ सोड. हक्काचं म्हणजे काय ते मी आता माझ्यापुरतं ठरवलंय. जिथे ऋतुजाबद्दल आधी सांगितलं आणि त्यानंतर किल्ली हातात मिळाली, ते माझं घर. असं अजून एकही मिळालेलं नाही, आणि त्यात तुझंही धरलं आहे.

गणपतीला येऊ. पाहुण्यांसारखे येऊ, आणि ऋतुजा सोबत असेल. तिला कुणी एक शब्द बोललं तर आरतीला न थांबता निघू.