आधीचं आडनाव

आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत ते गृहस्थ माझ्या शेजारी बसले होते. मांडीवर पिशवी आणि तिच्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. खारं पाणी उडालं की ते आधी कागद पुसत, मग चष्मा. मी सवयीने विचारलं, "गाव कुठलं आपलं?"

"सध्या या बोटीतलाच," ते म्हणाले आणि त्यांनी शेंगदाण्याची पुडी पुढे केली.

पाळक होऊ पाहणाऱ्या मुलांना ते सेमिनरीत शिकवत. यंदाचा विषय वंश, पैसा आणि चर्च. गोऱ्यांची आणि काळ्यांची वेगवेगळी चर्चं, मोठी देणगी देणाऱ्यांची पुढची बाकं, असं बरंच त्यांनी सांगितलं. आवाज कुठे चढला नाही. भरतीची वेळ सांगावी तसं सांगत होते.

"मुलांना पटतं का?" मी विचारलं.

"पटतं की. गोऱ्यांवर तर फार चिडतात. मग चहाच्या सुट्टीत एखादा हळूच जवळ येतो. सर, बाप्तिस्म्याआधी तुमच्या घराण्याचं आडनाव काय होतं?"

"तुम्ही काय सांगता?"

"आजोबांनी ते पाण्यात सोडलं, वर आलंच नाही, असं सांगतो."

"मग गप्प बसतात?"

"छे. मग गाव विचारतात."

ते माझ्याकडे पाहत नव्हते. पुडीतले उरलेले दाणे त्यांनी माझ्या तळहातावर ओतले आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली. दिघीचा धक्का येईपर्यंत मी एकेक दाणा खात राहिलो. तोंड भरलेलं असलं की काही विचारावं लागत नाही.