अतिविषाचे मोड

बाळगुटीत उगाळतात ती अतिविषाची कांडी आमच्या अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीच्या घरातही होती, पण ते झाड कोणी पाहिलं नव्हतं. पाहणार कसं? ते हिमालयात, बर्फाच्या अंगाला वाढतं, आणि मुळांसाठी उपटून उपटून लोकांनी ते संपवत आणलंय. त्याचं बी रुजवण्यावर मी अमरावतीत पीएचडी करत होते. अकोल्याचा मे महिना ज्यांनी भोगलाय ते हसतील. माझे गाइडही हसले होते. पण मी हट्टी. पहाडातल्या एका संशोधकाकडून मोठ्या मिनतवारीने चिमूटभर बी मिळवलं. पुन्हा मागू नका, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

या बियांना आधी थंडी लागते. ओल्या वाळूत, फ्रिजमध्ये, काही महिने. हिवाळा काढल्याशिवाय त्या रुजत नाहीत. उन्हाळी सुट्टीत कॉलेजची लाइट बंद असायची, म्हणून हिवाळ्यापासून तिथल्या फ्रिजमध्ये असलेला बियांचा डबा बर्फात घालून एसटीने घरी आणला आणि आमच्या फ्रिजमध्ये ठेवला. आईला बजावलं, "याले हात लावू नको." बाबांना सांगायचं राहिलं. खरं म्हणजे राहिलं नाही, गरजच वाटली नाही. त्यांना काय कळणार, असा माज होता मला.

पेपर तपासायला चार दिवस अमरावतीला गेले. आईही त्या दिवसांत गावाला गेली होती. परतले तर डबा धुऊन पालथा घातलेला, आणि बाबा खुशीत.

"ओलंच ठेवलं होतं तुनं सारं. नऊ दाण्याइले तं मोड आले होते. ते निवडून उकिरड्यावर टाकले. बाकीच्याले दोन दिवस ऊन दाखवलं, राखेत चोळलं, पुरचुंडी बांधून ठेवली. आता कीड लागत नाही."

साठवणीतल्या बियाण्याला मोड आला की ते वाया गेलं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. माझी सगळी पीएचडी त्या नऊ दाण्यांत होती. उकिरड्याकडे धावले, तिथे कोंबड्या उकरत होत्या.

बाबांच्या तुरीचं बियाणं सारं गाव मागून नेई. त्या दिवशीही गावातले दोघं त्यासाठीच ओसरीवर बसले होते. त्यांच्यादेखत मी ओरडले, "तुमाले काय समजते बियाण्यातलं?"

बाबांनी पुरचुंडी माझ्या हातात ठेवली आणि आत गेले. त्यातलं बी उन्हाने मेलं होतं. तरी मी ते पुन्हा वाळूत घातलं, पुन्हा वाट पाहिली. एकही रुजलं नाही. मग विषय बदलला, दुसऱ्याच पिकावर डॉक्टर झाले. त्या पदवीचं मला काडीचं कौतुक नाही.

त्याच वर्षी पेरणीच्या तोंडावर बाबा मूठभर तूर घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. जन्मात कोणाला न विचारता पेरणारा माणूस.

"पाह्य बरं माय, हे पेरावं का नाई?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. पण तो टोमणा नव्हता. त्यांचा स्वतःच्या बियाण्यावरचा भरवसा उडाला होता आणि तो मी उडवला होता.

"पेरा," मी म्हटलं. त्या दाण्यांकडे माझ्याच्यानं पाहवलंसुद्धा नाही.