बंडूनानांची सरळ ओळ

गिरगावातल्या एका आतल्या गल्लीत बंडूनाना तांबटांचं दुकान होतं आणि तिथे कोणी आवाज काढून बोलत नसे. काढून उपयोगच नव्हता. तांब्यावर हातोड्या पडत असताना साक्षात ब्रह्मदेव येऊन बोलला असता तरी ऐकू गेला नसता. म्हणून तांबट एकमेकांच्या ओठांवरून बोलणं वाचत. पाणी दे, चहा सांग, सगळं नुसतं ओठांनी. पन्नाशीपर्यंत नानांचे कान पार गेले, पण त्याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. तांबटाचे कान जायचेच. हात शाबूत राहिला की झालं.

आणि हात काय होता! भांडं घडवून झालं की त्यावर हातोडीने बारीक बारीक ठोके देत जायचं, याला मठारणं म्हणतात. त्याने पत्रा घट्ट होतो, अंगावर चकाकी येते. नानांच्या ठोक्यांची ओळ हंड्याच्या काठापासून बुडापर्यंत गजरा ओवल्यासारखी उतरायची. एक ठोका जरी चळला तरी तो हंडा गिऱ्हाइकाला न देता भंगारात टाकायचे. माणूस हट्टी, आणि खरं सांगायचं तर घमेंडखोरही. दुसऱ्या तांबटाचं भांडं हातात आलं की "पोचे बरे आलेत" म्हटल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

पुढे हंडे घेणारे उरले नाहीत, आणि नानांचा हातही उरला नाही. उजवा हात कापायला लागला. ठोका इथे मारायला जावा तर तिथे पडे. नाना ते पत्रे कोपऱ्यात फेकत आणि कोणी बघत नाही ना, हे बघून घेत.

पण सुनेने, दर्शनाने, बघितलं होतं. दर्शना जाहिरातीच्या कंपनीत नोकरीला होती आणि तिची नजर घारीची. तिने त्या भंगारातला एक तुकडा कापला, कानात अडकवला आणि मैत्रिणीच्या लग्नाला गेली. बायका तुटून पडल्या. नोकरी सोडून तिने नवऱ्याला, विहंगला, धंद्यात ओढलं. दुकानाला काच लागली, आणि दारावर पाटी आली: बंडू तांबट, ज्वेलरी डिझायनर.

नानांना आधी वाटलं, आपली थट्टा चाललीय. जन्मभर जे फेकलं तेच हे लोक गळ्यात घालतात? पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. इथे तर सडलेलं विकत होतं. पण माणसाला कौतुक कुणाचं कडू लागतं? हळूहळू ते फरशीवर खडूने आकार काढायला लागले. घागरीच्या गळ्यावरून बांगडी सुचली, तपेलीच्या काठावरून पैंजण. आणि एक दिवस त्यांनी हसळी काढली, गळ्याभोवती बसणारं रुंद तांब्याचं कडं, त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोक्यांच्या सरळ ओळी. ही आपल्या हातून झाली तरच आपण डिझायनर, नाहीतर पाटी खोटी, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच!

परळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हाताचं कापणं खरंच थांबलं. नानांनी हसळी घडवायला घेतली. ओळी जुन्यासारख्या सरळ उतरायला लागल्या. त्यांना इतका आनंद झाला की ते दुकानात एकटेच हसत बसले. बाकीचा मालही तसाच सरळ निघत होता, आणि गिऱ्हाइकं तो परत पाठवत होती. पण त्यांना ते कोणी सांगितलं नाही.

मग हात पुन्हा कापायला लागला, पहिल्यापेक्षा जास्त. हसळी अर्धी राहिली. रोज सकाळी सून चहाबरोबर गोळी देई, नाना इमानेइतबारे गिळत आणि वयाला दोष देत. दागिन्यांचं प्रदर्शन ठरलं होतं; डॉक्टरांकडे जाऊ या म्हटलं की ती हाताने खुणावे, ते झाल्यावर.

एका सकाळी नाना पेपर घेऊन बसले होते. समोर ओट्याशी नवराबायको बोलत होती.

"डॉक्टरांनी विचारलं तर?" विहंगचे ओठ म्हणाले.

"त्यांना नेतंय कोण? कॅल्शियमची गोळी आहे रे, विष नाही देत मी. प्रदर्शन होऊ दे, मग करू चालू."

"हात फार कापतोय पण."

"तोच तर विकतोय ना आपण."

नानांनी पेपराचं पान उलटलं. संताप इतका आला की डोळ्यांसमोर अक्षरं नाचायला लागली. पोटचा पोर! जुन्या गोळ्यांचं रिकामं पाकीट त्यांच्या कपाटात पडलं होतं. ते घेऊन कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे गेले, आणि त्या दिवसापासून सुनेची गोळी मोरीत आणि आपली पोटात. हसळी गुपचूप पुरी झाली. अख्ख्या आयुष्यात त्यांनी इतकं सुंदर काही केलं नव्हतं. आता बघू दे लोकांना, म्हणजे यांचे दात यांच्याच घशात जातील, असं त्यांना वाटलं. बिचारा म्हातारा.

प्रदर्शन दादरच्या एका हॉलमध्ये होतं. मागे नानांच्या हाताचा भलामोठा फोटो, पुढे ऐरण, आणि ऐरणीशी इस्त्रीचा सदरा घालून नाना. हसळी त्यांनी सगळ्यांत पुढे मांडली. मोत्यांच्या कुड्या घातलेल्या एका बाईंनी ती उचलली, उलटसुलट केली.

"ही मशीनची आहे का?" त्यांनी दर्शनाला विचारलं. "आम्हाला ती थरथर हवी होती हो. त्यात किती जीव असतो!"

दर्शना हसली. "अपुरी आहे ती. नाना आता तुमच्यासमोर पुरी करतील."

माणसं जमली, मोबाइल वर झाले. नानांनी मान हलवली, नाही. तेव्हा विहंग त्यांच्यासमोर उकिडवा बसला. लोकांकडे पाठ, चेहऱ्यावर हसू. त्याचे ओठ हलले, आवाज न काढता, दुकानातल्या जुन्या रीतीने.

"हात हलवा, नाना. नाहीतर उद्या ऐरण भंगारात जाईल आणि तुम्ही खाटेवर."

लहानपणी हा पोर दुकानाच्या पायरीवर बसून अभ्यास करायचा आणि ओठांची ही भाषा तिथेच शिकला, हे नाना विसरले होते. तो काही विसरला नव्हता. म्हणजे त्या सकाळी ओट्याशी बोलतानाही त्याला ठाऊक होतं की बाप वाचतोय. पाठ फिरवायची तसदीही त्याने घेतली नव्हती.

नानांनी हसळी ऐरणीवर ठेवली. हात दगडासारखा स्थिर होता. तो त्यांनी हलवायला सुरुवात केली, आधी थोडा, मग जास्त. पहिला ठोका ओळीच्या बाहेर पडला. बाईंनी छातीवर हात ठेवला. दुसरा ठोका ओळीवरच पडला आणि ओळ मोडली. नंतर नाना मारत सुटले, सरळ असं काही उरेनासं होईपर्यंत. सगळे टाळ्या वाजवत होते, बाई पर्स उघडत होत्या. नाना हात हलवतच राहिले, कारण विहंगचे ओठ अजून "बास" म्हणाले नव्हते.