गोणपाटाआडची ऊब

कुरुंद्याच्या विहारात पौर्णिमेचं ग्रंथवाचन म्हणजे करुणाच. अकरा वर्षांत तिनं ती जागा सोडली नव्हती. एकदा तर अंगात ताप असताना चौरंगापुढं बसली होती. पण फाल्गुनातल्या पौर्णिमेला कमिटीनं ठरवलं, आज वाचन नाही, सोजराबाईची ऐश्वर्या बोलेल. सोजराबाई करुणाची थोरली जाऊ. तिची लेक पुण्यात म्हाताऱ्या ताऱ्यांभोवतीच्या धुळीचा अभ्यास करते.

“धूळच बघायची तर हळद घासायच्या ढोलापाशी बसायचं होतं की,” करुणा शेजारणीला म्हणाली. शेजारीण हसली नाही, तेही तिला लागलं.

पांढरं लुगडं नेसून ती मुद्दाम मागं बसली. वंदना झाली. ऐश्वर्या तिच्याच चौरंगापाशी उभी राहिली. तारा म्हातारा झाला की फुगतो, अंगची धूळ बाहेर टाकतो अन् तिच्याच आड झाकला जातो. साध्या दुर्बिणीला मग तो दिसत नाही, अवरक्त किरणांनी बघावं लागतं, असं तिनं सांगितलं. बाया एकमेकींकडं बघू लागल्या. एकीनं विचारलं, मधीच रक्त कुठून आलं? पोरगी अडखळली. पुन्हा तेच शब्द बोलली, फक्त हळू.

करुणाच्या जिवाला गारवा वाटला. फसू दे. पण बायांना काहीच उमगेना, तसं तिला बसवेना. त्यांना समजावून सांगायचं काम आजवर तिचं होतं. ती उठली.

“हळद शिजताना कढईवर गोणपाट टाकतो न्हाई का? आतलं दिसतं का काही? तरी वर हात धरला की ऊब सांगती, आत काय चाललंय ते. हिची दुर्बीण म्हंजी तो हात.”

साऱ्या माना डोलल्या.

“बराबर काकू,” ऐश्वर्या म्हणाली. “तारा धुळीला तापवतो, आमी त्या धुळीची ऊब बघतो. पुण्यात पण असंच सांगीन.”

करुणा सुखावली, पण विहाराच्या पायऱ्या उतरेपर्यंतच. वाटेत भेटेल त्याला सोजराबाई सांगत सुटली, माझ्या लेकीनं कढईवरून कसं समजावलं. चौथ्यांदा ऐकल्यावर करुणाला राहवलं नाही.

“अक्का, कढई माझी होती.”

“व्हय की,” सोजराबाई हसून म्हणाली, “अन् पोरगी काय तुझी न्हाई का?”

करुणा झपाझप पुढं निघाली.

पुढच्या पौर्णिमेला मात्र ती अर्धा तास आधीच चौरंगाला टेकून बसली होती.